पाण्याकाठचा खराटा

चैत्रात माण तालुक्यातल्या शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाची यात्रा भरते. लांबलांबच्या गावांहून निघालेल्या कावडी मुंगी घाटाची उभी चढण चढून वर येतात. सासवडकडून येणाऱ्या तेल्या भुत्याच्या कावडीत कऱ्हेचे पाणी असते. खांद्यावर कावड, पायाखाली निसटणारे दगड आणि वरच्याने खालच्याला दिलेला हात, असा तो सोहळा असतो. ज्या मुलखात वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही कधी पडतो, कधी हूल देतो, त्या मुलखाने देवाला वाहण्यासाठी पाणीच निवडावे यात नवल ते काय?

पाण्याविषयीची भक्ती आपल्याकडे उदंड आहे. नदीला आपण आई म्हणतो, तिची ओटी भरतो, तिच्यात डोळे मिटून बुडी मारतो. पण भक्ती वेगळी आणि निगा वेगळी. ज्या तीर्थात पाप धुवायला जायचे, त्याच्याच काठी घाण करून यायचे, हा आपला शेकडो वर्षांचा रिवाज होता. याच माणदेशातून दहिवडी, गोंदवले, म्हसवड, पिलीव अशा वाटेने माणसे पंढरपूरला जात. त्यातली काही वारीहून परतत नसत. पटकी, म्हणजे कॉलरा, त्यांना वाटेत किंवा वाळवंटातच गाठत असे. घरची माणसे त्याला देवाची इच्छा म्हणून गप्प बसत.

या गप्प बसण्याविरुद्ध आयुष्यभर झुंजलेला एक माणूस महाराष्ट्राने पाहिला. त्याच्याजवळ पदवी नव्हती, अक्षरओळख नव्हती, मठ नव्हता, शिष्यांचा गोतावळा नव्हता. एक खराटा, एक फुटके गाडगे आणि अंगावर चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र एवढाच त्याचा संसार. गाडगेबाबा हे नाव आज घराघरांत माहीत आहे. स्वच्छतेचा संत म्हणून त्यांची तसबीर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असते. पण त्यांचे आयुष्य नीट पाहिले, तर त्यातली कितीतरी महत्त्वाची कामे पाण्याच्या काठावर झालेली दिसतात, आणि ती पगारी माणसांकडून झालेली नाहीत.

परिटाचा पोर

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव या खेड्यात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. जात परिटाची. गावाचे कपडे धुवायचे आणि गावाने दिलेल्या धान्यावर जगायचे, हा घरचा धंदा. त्याच साली इकडे दख्खनमध्ये १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ सुरू झाला. माणदेश त्यात अक्षरशः होरपळून निघाला. दुष्काळ तिकडे वऱ्हाडातल्या या घरात वेगळ्या वाटेने शिरला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि डेबू आठ वर्षांचा असताना वारले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली.

मामा चंद्रभान यांच्या घरी डेबूने गुरे राखली, नांगर धरला, मोट हाकली. शाळेची पायरी काही त्याच्या नशिबी आली नाही. मामांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठवले आणि जमीन गेली. कागदावर काय लिहिले आहे हे न कळल्याची किंमत किती मोठी असते, हे त्या घराने भोगले. पुढे बाबा कीर्तनातून कर्ज, दारू आणि निरक्षरता या तीन गोष्टींवर तुटून पडत. ती चीड पुस्तकातून आलेली नव्हती. ती घरातल्या चुलीपाशी शिकलेली होती.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झाले, मुले झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूची पंगत द्यायला हवी होती. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. जातभाई रुसले, पण तो पहिला मोडलेला रिवाज. पुढे १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले.

ऋणमोचनचा घाट

घर सोडलेला माणूस हिमालयात जातो अशी आपली समजूत असते. हा माणूस गावोगाव फिरला आणि जिथे जाईल तिथे काम करू लागला. कुणाची गाडी चिखलात रुतली तर खांदा लावायचा, कुणाच्या शेतात राबायचे, मिळेल तो भाकरतुकडा गाडग्यात घेऊन खायचा आणि पुढे निघायचे.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. हा सारा खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी खारट, म्हणून नदीचे महत्त्व अधिक. नदीच्या काठावर काळीभोर चिकणमाती. हजारो पाय पडले की तिचा राडा होई. म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या बाया घसरत, पडत, चिखलाने माखून पाण्यापर्यंत पोचत आणि तोच चिखल पाण्यात कालवत. इतकी वर्षे यात्रा भरत होती, इतक्या पिढ्या घसरल्या, पण पायऱ्या बांधाव्यात असे कुणाच्या मनात येत नव्हते.

बाबांनी आधी स्वतः काठाची साफसफाई केली, वाट बांधली. मग लोकांपुढे घाटाची कल्पना मांडली. १९०८ च्या सुमारास लोकांच्या वर्गणीतून आणि श्रमातून तिथे दगडी घाट उभा राहिला. बाबांच्या हातून झालेले हे पहिले मोठे बांधकाम. देऊळ बांधण्यासाठी पैसे जमवणारे साधू पुष्कळ असतात. लोकांना सुखाने पाण्यापर्यंत पोचता यावे आणि पाणी गढूळ होऊ नये यासाठी झटणारा साधू लोक पहिल्यांदाच पाहत होते.

आधी हात, मग तोंड

बाबांची रीत पुढे महाराष्ट्रभर ठाऊक झाली. गावात आले की कुणाला न सांगता खराटा हाती घ्यायचा. रस्ता, गटार, देवळापुढचे आवार, पाणवठ्याची वाट, जिथे घाण असेल तिथून सुरुवात. लोक आधी वेडा समजून हसत. थोड्या वेळाने एखादा पोरगा हात लावी, मग दोन बाप्ये येत, मग लाजेने का होईना अर्धे गाव कामाला लागे. दिवसा गावातली घाण काढायची आणि रात्री कीर्तनातून डोक्यातली, असा तो क्रम होता.

कीर्तन म्हणजे पांडित्य नव्हे. बाबा प्रश्न विचारीत आणि समोरच्या लोकांकडून उत्तरे काढून घेत. देवापुढे बोकड कापला तर तो देवाने खाल्ला का तुम्ही? नैवेद्याला तोंड लावणारे कुत्रे ज्याला हाकलता येत नाही, तो तुमचे संकट कसे हाकलेल? माणसाला शिवल्याने विटाळ होतो तर अंगावरचे कोणते ठिकाण बाटले? लोक हसत, हो म्हणत, नाही म्हणत आणि बोलता बोलता अशा ठिकाणी येऊन पोचत की जुनी समजूत आपोआप गळून पडे. बाबा सिद्धांत सांगत नसत. प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले त्याच्यापुढे मांडत आणि मग असे का, एवढेच विचारीत. विज्ञान शिकवायचे म्हणतात ते याहून फार वेगळे नसते. प्रयोगशाळेत भिंगाखाली जे दाखवतात, ते बाबा गावच्या चावडीपुढे कंदिलाच्या उजेडात दाखवीत.

त्यांना पाया पडलेले खपत नसे. कुणी वाकले तर काठीच बसायची. कीर्तन संपले की जयजयकार व्हायच्या आत ते गाव सोडून गेलेले असत. काम करून मोबदला न घेणारा माणूस लोकांना कोड्यात पाडतो, पण त्याच्या शब्दाला वजनही येते. बाबांनी लाखो रुपये जमवले ते या वजनावर.

चंद्रभागेचे वाळवंट

आषाढीला पंढरपुरात लाखो माणसे जमतात. भीमा तिथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून चंद्रभागा. आज वाखरीपासून तळ उभारले जातात, टँकर असतात, फिरती शौचालये असतात, तरीही व्यवस्थेवर ताण येतो. शंभर वर्षांपूर्वी यातले काहीच नव्हते. माणसे वाळवंटात झोपत, तिथेच चूल मांडत, तिथेच आडोशाला बसत आणि तिथलेच पाणी पीत. पाऊस आला की काठावरचे सारे नदीत उतरे.

पटकी नेमकी अशीच पसरते. रोग्याच्या विष्ठेतले जंतू पाण्यात जातात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात. लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवतीच मृत्यू एकवटले आहेत हे घरोघर फिरून, मोजून दाखवले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्याच्या रुग्णांत आणि तिथल्या तळ्याच्या पाण्यात तो जंतू हुडकला. हे ज्ञान सरकारी अहवालांत होते, डॉक्टरांच्या पुस्तकांत होते. वाळवंटातल्या वारकऱ्यापर्यंत ते पोचवणार कोण?

बाबा वर्षानुवर्षे पंढरपूरला गेले, पण ते विठ्ठलाच्या दर्शनाच्या रांगेत उभे राहिले नाहीत. ते वाळवंट झाडत, माणसांची विष्ठा उचलत. त्यांना जंतूंची नावे माहीत नव्हती. पण घाण पाण्यापासून दूर ठेवली पाहिजे आणि ती आपणच ठेवली पाहिजे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

नुसते झाडून भागणार नाही, हेही त्यांनी ओळखले होते. ज्याला निवारा नाही तो वाळवंटातच पथारी टाकणार आणि ज्याला दारात उभे करत नाहीत तो तर हमखास टाकणार. महार समाजाच्या वारकऱ्याला पंढरपुरात पाठ टेकायला जागा मिळत नसे. १९२० च्या सुमारास बाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पुढे मराठा धर्मशाळा झाली, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. या इमारतींकडे आपण दानधर्म म्हणून पाहतो. पण छप्पर, विहीर आणि संडास मिळालेली हजारो माणसे नदीकाठ सोडून आत आली, तर नदी तेवढी वाचते. जात आणि पाणी यांचा संबंध बाबांनी असा उघडा केला. गावाने ज्यांना पाणवठ्यावरून हाकलले, त्यांच्याकडूनच गावाची घाण उचलून घ्यायची, हा ढोंगीपणा त्यांनी स्वतः खराटा हाती घेऊन लोकांच्या पदरात घातला.

घरच्यांनी मोजलेली किंमत

या साऱ्याची किंमत कुणी तरी मोजत होते. कुंताबाई, सखुबाई आणि मुले ऋणमोचनला झोपडीत राहत. बाबांच्या नावावर धर्मशाळांमागून धर्मशाळा उभ्या राहत होत्या, पण त्यातली एक वीट घरच्यांच्या वाट्याला आली नाही. संस्थांच्या व्यवहारात आपल्या नातलगांचा हक्क राहू नये, याची बाबांनी कडक काळजी घेतली. सार्वजनिक पैशाबाबत असा कडकपणा आपण कौतुकाने वाचतो. पण त्या झोपडीत पावसाळे काढणाऱ्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, की कौतुकाच्या जोडीला मन जडही होते.

५ मे १९२३ रोजी त्यांचा मुलगा गोविंदा कुत्रे चावल्याने दगावला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत होते. तार आली, त्यांनी ती ऐकली आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. काहींना हे वैराग्य वाटते, काहींना निष्ठुरपणा. त्या रात्री कीर्तन संपल्यावर त्यांच्या मनात काय चालले असेल, ते त्यांनी कुणाजवळ उघड केले नाही.

साताऱ्याचे नाते

निरक्षर बाबांचा शिक्षणावर जेवढा जीव होता, तेवढा फार थोड्या पदवीधरांचा असेल. जेवायला ताट नसले तर हातावर भाकरी घ्या, बायकोला कमी किमतीचे लुगडे आणा, पण पोराला शाळेत घाला, हे त्यांच्या कीर्तनातले ठरलेले सांगणे. सातारा जिल्ह्यात हेच काम कर्मवीर भाऊराव पाटील करीत होते. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. मुलांनी राबावे, कमवावे आणि शिकावे ही तिची रीत. दोघांचे जमले ते या राबण्यावर. १९४८ मध्ये सरकारने रयतचे अनुदान थांबवले तेव्हा बाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि ते पुन्हा सुरू झाले. १९५४ साली भाऊरावांनी कऱ्हाडला महाविद्यालय काढले आणि त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. स्वतःच्या नावाची पाटी कुठेही न लावू देणाऱ्या अंगठेबहाद्दराच्या नावाचे महाविद्यालय कृष्णा-कोयनेच्या संगमाच्या गावी उभे राहिले, हा योग मोठा बोलका आहे. माणदेशातल्या कितीतरी घरांतले पहिले शिकलेले माणूस रयतच्या शाळेतून बाहेर पडले.

१९४९ मध्ये बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. तिथे मुलांचे वसतिगृह व्हावे, हा हेतू. ज्यांना वाळवंटात पथारी टाकावी लागत होती, त्यांची मुले आता त्या छपराखाली अभ्यास करणार होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. बाबा तेव्हा आजारी होते. त्याआधी महिनाभर, ८ नोव्हेंबरला, त्यांनी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात केलेले कीर्तन शेवटचे ठरले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ, पेढी नदीपाशी, गाडीतच त्यांनी प्राण सोडला. पूर्णेकाठी सुरू झालेले काम पेढीकाठी थांबले.

खराटा आता कुणाच्या हाती?

बाबा गेल्यावर ४४ वर्षांनी, २०००-०१ मध्ये, महाराष्ट्र सरकारने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. ते ज्यांच्या पुढाकाराने झाले ते आर. आर. पाटील सांगली जिल्ह्यातल्या अंजनीचे, म्हणजे दुष्काळ पाहिलेलेच. त्या काळी गावेच्या गावे झाडली गेली, घरोघर संडास झाले. बक्षिसाची ओढ होती हे खरे, पण पुष्कळ गावांत बायकांनी ते काम मनावर घेतले, कारण आडोशाला बसण्याची लाज आणि दूषित पाण्याने होणारी मुलांची दुखणी त्यांनीच सोसली होती.

आता तर बाबांना जे नुसत्या डोळ्यांनी ओळखावे लागत होते, ते तपासण्याची साधनेही गावात आली आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवावे, अशी सोय आहे. एका छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवायचे, ते दिवसा-दोन दिवसांत काळे पडले तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता मोठी, इतकी ती परीक्षा सोपी आहे. महाराष्ट्रात पाणवठ्यांची पाहणी करून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे, लाल कार्ड देण्याची पद्धतही आहे. आपल्या गावचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

काम करता करता शिकणे हा बाबांचा धडा माणने अलीकडे पुन्हा गिरवला. २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत माणमधल्या टाकेवाडीने राज्यात पहिला क्रमांक मिळवला. उताराचा अंदाज घेणे, समपातळीत चर काढणे, माती अडवणे हे शास्त्र गावकरी आधी शिकले आणि मग भर उन्हात पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वतः राबले. अडवलेले पाणी आता स्वच्छही ठेवायचे आहे, एवढाच पुढचा धडा.

त्याचा संबंध आपल्या शिवारापुरता नाही. कुळकजाईच्या डोंगरात उगम पावणारी माणगंगा म्हसवड, आटपाडी, सांगोला करीत सरकोलीजवळ भीमेला मिळते. भीमा रायचूरजवळ कृष्णेला आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला. दहिवडीच्या ओढ्यात टाकलेली प्लास्टिकची पिशवी, पूर आला तर, समुद्राच्या वाटेला लागते. समुद्रही पाहून घेतो. पटकीचा जंतू समुद्राच्या खाडीतल्या निमखाऱ्या पाण्यात, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवांना चिकटून राहतो, हे शास्त्रज्ञांना पुढे कळले. त्यावरून बांगलादेशातल्या खेड्यांत एक प्रयोग झाला. जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या करून त्यातून पाणी गाळायला बायकांना शिकवले, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. परिटाच्या घरी जन्मलेल्या बाबांना जुन्या लुगड्याची ही करामत नक्की आवडली असती.

मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर २०१५ पासून स्वयंसेवक कचरा उचलू लागले. दर सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभरच्या किनाऱ्यांवर माणसे कचरा गोळा करतात आणि कोणती वस्तू किती सापडली याची मोजदादही ठेवतात. त्या नोंदींतून घाण कुठून येते ते कळते. डॉ. स्नो यांनी घरोघर फिरून जे केले, त्याच जातीचे हे काम आहे आणि त्याला पदवी लागत नाही.

अभियाने येतात, झाडू घेतलेल्यांची छायाचित्रे छापून येतात आणि दुसऱ्या दिवशी खराटा पुन्हा त्याच माणसांच्या हाती जातो, ज्यांच्या हाती तो पिढ्यान्‌पिढ्या होता. बाबांचा खरा झगडा याच्याशी होता. त्यांची नक्कल एक दिवस करणे सोपे आहे. त्यांनी ते ५१ वर्षे केले, रोज केले आणि उरलेल्यांना कमीपणा वाटेल अशा जागी केले. येत्या चैत्रात कावडी पुन्हा मुंगी घाट चढतील. त्या खाली उतरल्यावर घाटात काय काय पडून राहते ते उचलायला दहा माणसे थांबली, तर शंभू महादेवाला वाहिलेले ते पाणी अधिक गोड लागेल.